पहिलीच्या सीटा म्हणे के.जी.तच भरल्या!

पोरीला येत्या जूनच्या आधी सहा पूर्ण होतात. नवं शैक्षणिक धोरण सांगतं, सहा पूर्ण झाल्यावर पहिलीत घाला. बरं. म्हणून मी रजा टाकली, नवऱ्याने वेर्ण्याच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेतली आणि आम्ही गोव्यातल्या आमच्या फोंड्यातल्या शाळा बघायला निघालो. पहिल्याच नावाजलेल्या शाळेत काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणते, "पयलीक सीट ना. आमचीं के.जी.चीं भुरगीं (मुलं) आसात न्हय!"

म्हणजे पहिलीची शाळा पोर तीन वर्षांची असतानाच ठरवायची होती! आमची घराजवळच्या अंगणवाडीत रमली, आजीबरोबर वाढली, हा तिचा गुन्हा. यातली गोम बघा. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी. त्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाळणी लावायची नाही. लावली तर पहिल्यांदा 25,000 पर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत. मग हुशार मंडळी काय करतात? चाळणी तिसऱ्या वर्षीच लावतात. सहाव्या वर्षी कायदा दारात येतो तोवर वर्ग भरलेला. कायदाही खूश, शाळाही खूश. आम्ही आपले गेटवर.

दुसऱ्या एका शाळेत "एखादी सीट निघेल" असं कळलं. तिथे तर पोरीला सरळ समोर बसवून प्रश्नच सुरू. रंग दाखवून इंग्रजीत विचारलं. पोरीने चोख उत्तर दिलं, "तांबडा!" टीचर आमच्याकडे बघून हसली. नको तसं हसली. मग आमची पाळी. घरी कुठली भाषा? दोघंही कामाला? अभ्यास कोण घेणार? अहो, अभ्यास घ्यायला तुमच्याकडे पाठवतोय ना! आणि मी विचारायला तोंड उघडलं तर? वर्गात किती मुलं? पहिलीची टीचर कायम आहे की कंत्राटावर? "तें जूनांत कळटलें." चालू वर्ग दोन मिनिटं दारातून बघू का? "भुरगीं डिस्टर्ब जातात." मुलांचं शौचालय तरी दाखवा म्हटलं, तर बाईचा चेहरा असा, जणू मी पगाराची स्लिप मागितली. दाखवलं काय, तर ट्रॉफ्यांचं कपाट आणि हॉलमधला स्मार्ट बोर्ड. तोही बंदच. मुलगी बघायला जावं आणि तिच्याऐवजी घरच्यांनी फ्रिज दाखवावा, तसली गत.

डोनेशनची भाषाही न्यारी. पावतीवर तो शब्द येत नाही. "बिल्डिंग फंडाक कितें तरी दियात," एवढंच.

"मग मराठीत घाल की," हे सांगणारे तर पावलोपावली भेटतात. मी मराठीतच शिकले हो, चौथीपर्यंत! पाचवीत गेल्यावर गणित, विज्ञान, सगळं एका जूनमध्ये इंग्रजीत झालं, तेव्हा सांगणाऱ्यांपैकी कोणी माझ्या बाकावर बसायला आलं नव्हतं. आजही गोव्यात वरचं शिक्षण जवळपास सगळं इंग्रजीतच आहे. आईबाप पहिलीपासून इंग्रजीकडे धावतात ते आईच्या भाषेचा द्वेष म्हणून नव्हे, पाचवीची धास्ती म्हणून. 1990 मध्ये ठरलं, प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणीलाच. 2011 मध्ये ते इंग्रजीलाही दिलं. मग मोर्चे, उपोषणं, 2016 पर्यंत त्यापायी पक्षसुद्धा निघाला. इतकी वर्षं भांडले, पण चौथीतून पाचवीत जाणाऱ्या पोराला हात कोण देणार, यावर कोणी गळा काढलेला मला तरी आठवत नाही.

आता शेजारी सल्ला देतात, आमदाराचं पत्र आण. 40 आमदारांचं एवढंसं राज्य, कुणाची ना कुणाची ओळख निघतेच. सहा वर्षांच्या पोरीला अ आ इ शिकायला आमदाराची चिठ्ठी! आणि संताप याचा, की चिठ्ठी नेली तर संपलेली सीट उगवते.

राहिली वाड्यावरची सरकारी शाळा. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्यांतलीच ही एक. इथे मात्र कोणी अडवलं नाही. बाईंनी थेट वर्गात बोलावलं, पोरीच्या हातात खडू दिला, ती फळ्यावर मनसोक्त गिरगटली. स्वयंपाकाचा कोपरा, पाण्याचा फिल्टर, शौचालय, सगळं न मागता दाखवलं. पोरगी घरी यायलाच तयार नव्हती. पण बाई एकट्या! पहिली ते चौथी एकाच खोलीत. एका ओळीला पाढे, दुसरीला धडा, त्यात फोन वाजतो, अमुक माहिती आजच पाठवा. निवडणूक आली की यादीचं काम त्यांच्याच गळ्यात. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, 60 पर्यंत मुलं असली तरी किमान 2 शिक्षक हवेत. 2010 पासून लागू आहे तो कायदा. विचारलं तर वरून उत्तर, पट कमी आहे. अहो, शिक्षक नाही म्हणून पोरं येत नाहीत आणि पोरं नाहीत म्हणून शिक्षक देत नाही, हा खेळ शाळेला कुलूप लागेपर्यंत चालवायचाय का?

तो दुसरा शिक्षक पाठवा. उद्या सकाळी पोरीचं नाव घालते, चालत नेऊन सोडते. आणि वाड्यावरच्या आणखी चार आया माझ्याबरोबर येतील, त्या विचारूनच बसल्यात.