पोषण आहाराच्या तांदळाबद्दल खुलासा
‘सरकार प्रत्येक मुलामागे रोज 300 ग्रॅम तांदूळ देतं, शाळा 100 ग्रॅम शिजवून बाकीचा विकते’ हा मेसेज काल मीही पुढे पाठवला. तो चुकीचा आहे. आज योजनेचे निकष वाचले. पहिली ते पाचवीला 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. तेही कच्च्या तांदळाचं वजन. गैरप्रकार होतात, नाही असं नाही. पण सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या कॅगच्या 2015 च्या अहवालाने बोट ठेवलं ते जेवणाऱ्या मुलांच्या फुगवलेल्या आकड्यांवर. म्हणून पालकांनो, पटावरची हजेरी आणि प्रत्यक्ष जेवणारी मुलं ताडून बघा. खिचडी शिजवणाऱ्या ताईंवर माझ्यामुळे संशय आला, त्यांची मनापासून माफी मागते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.