फॉर्म त्यांचा, प्रश्न कोणाचे?

आमच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर जुंपली आहे. विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवर प्राध्यापकाची बढती ठरावी का? मायदेशी शिकवणारे निम्मे म्हणतात, मग मार्कांची खैरात करणाराच उत्तम शिक्षक ठरेल. उरलेले विचारतात, मुलांनी बोलायचं तरी कुठे?

मी ऑस्ट्रेलियात शिकवतो. फॉर्म इथेही आहे आणि तितकाच निरुपयोगी आहे. सत्र संपत आलं की येतो. ट्युटोरियल कंटाळवाणं होतं एवढं कळतं. का, ते कळत नाही.

माझ्या ट्युटोरियलमध्ये मुलं गप्प बसायची. वाचून येत नाहीत, हे माझं निदान. एका सहकारी बाईंनी सहभागी कृती संशोधनाचा, म्हणजे विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आपल्याच वर्गात बदल करून तपासत राहण्याचा, आग्रह धरला तेव्हा मी कुरकुरलो. आपल्याकडे कृती संशोधन म्हटलं की बी.एड.ची फाइल आठवते. खरं तर मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने १९४६ साली मांडलेली ही कल्पना. योजना, कृती, निरीक्षण, चिंतन आणि पुन्हा योजना ही फेरी इथल्याच डीकिन विद्यापीठात स्टीफन केमिस आणि रॉबिन मॅक्टॅगर्ट यांनी १९८० च्या दशकात शिक्षकांच्या हाती दिली. ‘सहभागी’मागे कोलंबिया देशातले समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्यासारख्यांचा हट्ट आहे: ज्यांच्याविषयी शोध घ्यायचा, त्यांनीच प्रश्नही ठरवायचे.

पाच विद्यार्थी पुढे आले. पण मार्क माझ्या हातात, मग ती खरं कशाला बोलतील? म्हणून निकाल लागेपर्यंत त्यांच्या बैठका त्याच सहकारी बाईंनी घेतल्या; त्या दुसऱ्या विभागातल्या. संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीचीही तीच अट होती. माझा प्रश्न होता, ‘मुलं वाचत का नाहीत?’ मुलांनी तो खोडून लिहिलं, ‘सर किती वेळ थांबतात?’ सगळ्यांच्या संमतीने तास रेकॉर्ड केला, घड्याळ लावून ऐकला. प्रश्न विचारून दोन सेकंदांत मीच उत्तर देत होतो! (शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकी शाळांत हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. मी हे वाचलेलं होतं, म्हणून जास्त लाज वाटली.)

पहिल्या फेरीत मी थांबू लागलो. फसलं. नेहमीचीच दोघं बोलायची. दुसऱ्या फेरीत मुलांनी सुचवलं, आधी दोन मिनिटं लिहू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या. तेव्हा कुठे इंग्रजीला बिचकणारी मुलं तोंड उघडू लागली.

ग्रुपवरच्या भांडणात म्हणूनच माझं मन रमत नाही. दोन्ही बाजू मार्क कोणी कोणाला द्यायचे यावरच अडल्या आहेत. प्रश्न कोणी ठरवायचे, हे कोणी विचारतच नाही. मात्र बढतीसाठी हे सक्तीचं केलं, तर त्याचीही फाइलच होईल. इथेही झालेल्या पाहिल्या आहेत.

हे ग्रुपवर लिहिल्यावर एका मित्राचा निरोप आला, ‘फॉरमॅट पाठव. आणि तुझ्या वर्गात बावीस मुलं, माझ्या वर्गात एकशे दहा. ते कसं जमवू?’ फॉरमॅट नाही, असं कळवलं. एकशे दहांचं काय करायचं ते मला सुचलं नाही. त्यांच्यातल्याच चौघा-पाचांना विचारून बघ, म्हटलं.