ज्या गोष्टीत भाऊ नसतो

"मुलींना शेतकरी नवरा नको, पण बापाच्या शेतात हिस्सा मात्र पाहिजे." आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात हे वाक्य पुन्हा आलं. पुन्हा म्हणते, कारण वर्षातून दोन-तीनदा ते येतंच. या वेळी माझ्या चुलतभावाने टाकलं होतं. त्याचा मुलगा ३२ वर्षांचा आहे, शेतीची पदवी घेतलेला, बाग स्वतः सांभाळणारा, निर्व्यसनी. चार वर्षं स्थळं बघतायत, जमत नाही. त्या वाक्यामागची कळ मला कळते, म्हणून तिथे दोन ओळींचं उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

मी अमेरिकेत मोंटाना राज्यात, बिलिंग्ज शहरात राहते. एका रुग्णालयाच्या औषध विभागात नोकरी करते. शहराबाहेर पडलं की अर्ध्या तासात रँचेस सुरू होतात: मैलोन्‌मैल कुरण, काळी गुरं, तारेचं कुंपण. या राज्यात एका शेतकऱ्याकडे सरासरी २,४०० एकरांच्या आसपास जमीन असते. आपल्या महाराष्ट्रातली सरासरी २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. हा फरक मनात ठेवूनच पुढचं लिहिते आहे.

इथला हिवाळा लांब असतो आणि हिवाळ्यात मी रँचवरच्या प्रेमकथा वाचते. वाचनालयात त्यांची वेगळी मांडणीच असते. त्यातही बहिणींच्या मालिका मला फार आवडतात. सांगाडा साधारण एकच असतो. वडील वारतात. थोरली शहरात मोठ्या हुद्द्यावर, मधलीचा संसार मोडलेला, धाकटी कधी घर सोडून गेलेलीच नाही. वकील मृत्युपत्र वाचतो: तिघींनी वर्षभर इथे एकत्र राहायचं, नाहीतर रँच विकली जाईल. मग वासरांच्या जन्माचे दिवस येतात, वादळ येतं, बँकेचं कर्ज डोक्यावर असतं आणि माणसं येतात. जनावरांचा डॉक्टर, शेजारचा रँचवाला, सैन्यातून परत आलेला आणि कामाला राहिलेला एखादा अबोल गडी. एकेका बहिणीचं एकेक पुस्तक. शेवट गोडच व्हायचा. इथल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने प्रेमकथेच्या व्याख्येतच शेवट समाधान आणि आशा देणारा हवा, असं लिहून ठेवलंय.

लोक या पुस्तकांना हलकं समजतात. मी समजत नाही. त्यांत एक गोष्ट घडते, जी मी लहानपणापासून आमच्याकडे एकदाही घडताना पाहिली नाही: मुलगी प्रेमात पडते आणि तिला घर सोडावं लागत नाही.

आपल्याकडे लग्न ठरवून होवो की प्रेमाने, पोरीचा पाय घराबाहेर पडला की ते लग्न. या गोष्टींत पुरुष तिच्या अंगणात येतो. तिचं तुटलेलं कुंपण नीट करतो, तिच्या गाई फेब्रुवारीच्या थंडीत रात्री दोनला उठून बघतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. त्याची खरी परीक्षा एकच असते: याला ती हवी आहे की तिची जमीन? जमीन तिची आहे, हे इतकं गृहीत आहे की त्यावर वेगळं कुणी बोलतही नाही. आता त्याच माणसाला मराठीत काय म्हणतात ते आठवून बघा. घरजावई. तो शब्द आपण कुठल्या सुरात उच्चारतो? माझ्या आजोळी एक घरजावई होते. तीस वर्षं सासऱ्याची जमीन त्यांनी कसली, विहीर पाडली, मेहुण्या उजवल्या. तरी लग्नाच्या पंगतीत त्यांचं नाव निघालं की लोक आवाज बारीक करत. इथे तोच माणूस कथेचा नायक असतो.

हे वाचून कुणी म्हणेल, अमेरिकेत बरं आहे. मलाही बरीच वर्षं तसं वाटत होतं. मग एकदा लक्षात आलं की या गोष्टींत भाऊ नसतो. सगळीकडेच नसतो असं नाही, पण बहुतेक ठिकाणी नसतो. असला तर लढाईत गेलेला असतो किंवा बापाशी भांडून परागंदा झालेला. बहिणींच्या हाती रँच द्यायची, तर कथेतून आधी भावाला बाहेर काढावं लागतं. लेखिकांनी ते ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्या बायकांना ते खटकत नाही, म्हणजे त्यांना ती वस्तुस्थिती ठाऊक आहे.

आम्ही जिच्याकडून अंडी घेतो ती बाई सत्तरीची आहे. ती आणि तिची बहीण मिळून रँच चालवतात. मे महिन्यात वासरांना डाग द्यायचं काम असतं, तेव्हा तिने एकदा मला बोलावलं होतं. आजूबाजूच्या दहा-बारा रँचवरची माणसं येऊन एकमेकांचं काम उरकतात, दुपारी सगळ्यांचं जेवण. आमच्या गावची इर्जिक मला आठवली. जेवताना मी तिला या पुस्तकांबद्दल विचारलं. तिने सगळी वाचलेली होती. म्हणाली, "आमच्या गोष्टीत भाऊ होता." वडिलांनी सगळं त्याच्या नावाने केलं, दोघी बहिणींना आईचा पियानो आणि चिनी मातीची भांडी. भाऊ सात वर्षांनी कंटाळला, विकायला निघाला. या दोघींनी कर्ज काढून आपल्याच बापाची जमीन बाजारभावाने विकत घेतली. कर्ज फिटायला २६ वर्षं लागली. त्या काळात दोघींनीही लग्न केलं नाही.

आणखी मागे गेलं तरी हेच दिसतं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एकट्या बाईलाही सरकारी जमिनीवर १६० एकरांचा दावा करता येत होता. (ही जमीन मुळात क्रो, शायेन अशा इथल्या आदिवासी लोकांची होती; बिलिंग्जच्या दक्षिणेला क्रो लोकांचा राखीव प्रदेश आहे, १८६८ च्या तहात ठरला होता त्याहून आज कितीतरी लहान. या प्रेमकथा ते सांगत नाहीत, पण इथे राहून मला ते विसरता येत नाही.) कायद्यात अटी होत्या. दावा लावणाऱ्याने त्या जमिनीवर राहून दाखवायचं. आणि बाई अविवाहित, विधवा, घराची कर्ती असेल तर दावा चाले, नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला सहसा नाही. म्हणून कित्येकींनी आधी जमिनीचा अर्ज केला, मग लग्न. बहिणी-बहिणी शेजारशेजारचे तुकडे घेत आणि कधी दोन्हींच्या हद्दीवर एकच खोपट बांधत, म्हणजे दोघींचाही मुक्काम आपापल्या जमिनीवर धरला जाई.

एलिनोर प्रुइट स्टुअर्टची गोष्ट मला या सगळ्यात जास्त लागते. १९०९ मध्ये ती लहान मुलीला घेऊन वायोमिंगमध्ये एका रँचवाल्याच्या घरी घरकामाला आली. त्याच्या जमिनीला लागून तिने स्वतःच्या नावाने दावा लावला आणि आठवड्याभरात त्या रँचवाल्याशी लग्न केलं. तिची पत्रं पुढे छापली गेली, गाजली; एकटी बाई स्वतःच्या कष्टाने जमीन मिळवू शकते असं ती बायकांना कळकळीने सांगत राहिली. पण नवराबायकोंनी दोन वेगळ्या घरांत मुक्काम दाखवणं कायद्यात बसेना. १९१२ मध्ये तिने दावा सोडला आणि ती जमीन घेतली तिच्या सासूने. रँचवरची ही खरीखुरी प्रेमकथा, आणि तिच्यातही जमीन बाईच्या नावावर राहिली नाही.

नाव कागदावर येण्याने काय होतं, याचंही उदाहरण इथलंच आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या कृषिगणनेत अर्ज बदलला आणि एका शेतावर निर्णय घेणाऱ्या चार जणांपर्यंत नावं लिहायची सोय झाली. २०१२ च्या तुलनेत शेतकरी बायकांची संख्या २७ टक्क्यांनी वाढली. पाच वर्षांत एवढ्या बायका अचानक शेतात उतरल्या नव्हत्या. त्या होत्याच, त्यांची नावं लिहायला जागा झाली.

आता चुलतभावाच्या वाक्याकडे येते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुलं मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली होती. लग्नाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, अशी त्यांची मागणी होती. ती बातमी मी इथे वाचली तेव्हा रडू आलं. त्या मुलांच्या आईबापांच्या पिढीने मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, त्याचं मोल ती मुलं देतायत. पण ज्या मुली जन्मल्या, त्या नकार का देतात? आळशी झाल्या म्हणून? नोकरीवाल्याचा फ्लॅट पाहिजे म्हणून? थोडंफार तेही असेल. मी आमच्याकडच्या बायकांना पहाटे सहापासून बागेत उभ्या बघितलंय. ज्या मातीत ती मुलगी चाळीस वर्षं राबणार, त्या मातीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. जिथे ती वाढली तिथल्या सातबाऱ्यावरून ते हौसेने काढून घेतलेलं. दोन्हीकडे परकी असलेल्या मुलीने शेतावर प्रेम करावं आणि शेतकऱ्यावरही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

म्हणून मला ते वाक्य उलटं वाटतं. हिस्सा मागणारी मुलगी आणि शेतकरी नवरा नाकारणारी मुलगी एकच आहे, हे चुलतभावाने बरोबर ओळखलं. पण त्यात विसंगती नाही. तिच्या नावावर कुठेतरी जमीन असती, तर तिने शेतीकडे आणि शेतकऱ्याकडेही वेगळ्या नजरेने बघितलं असतं. शरद जोशींना हे नव्वदच्या सुमारालाच कळलं होतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात ज्या गावातले शंभर शेतकरी बायकोच्या नावाने जमीन करून देत, ते गाव लक्ष्मीमुक्त ठरे. कायद्याची वाट न बघता हे घडलं. चुलतभावाला मी हेच सुचवीन: स्थळ बघायला जाताना मुलाचा पगार नाही सांगता येत, तर सुनेच्या नावाने एक एकर करणार आहोत हे सांग.

तुकड्यांचा आक्षेप मला मान्य आहे. सव्वातीन एकरांचे चार भाग केले की बांधच उरतात. पण हिस्सा देणं म्हणजे जमीन कापणं नव्हे. इथे कित्येक घरांत रँच अखंड ठेवतात आणि कंपनी करून भावंडांच्या नावाने भाग लावतात. कसणारा कसतो, बाकीच्यांना उत्पन्नातला वाटा मिळतो. भांडणं होतात, वकिलांची धन होते, तरी बहिणीचं नाव राहतं. आपल्याकडे सामाईक खातं आहेच की. एका सातबाऱ्यावर चार नावं बसतात.

आता आमच्या घरचं. आम्ही तीन भावंडं, ताई, दादा आणि मी. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, चार एकर द्राक्षं. ताईचं लग्न १९९२ मध्ये इचलकरंजीला झालं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तो कायदा लागू झाला त्या दिवशी अविवाहित असलेल्यांना. म्हणजे त्या कायद्याने मी दादासारखी जन्मापासूनची हिस्सेदार झाले आणि ताई नाही, एकाच बापाच्या दोघी. २००५ मध्ये केंद्राने ती अट काढली. अण्णा २०११ मध्ये गेले तेव्हा आम्हा दोघींचा हक्क दादाइतकाच होता. तेराव्यानंतर तीन दिवसांनी माझं विमान होतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आम्ही दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. दादाने जबरदस्ती केली नाही. कुणीच काही बोललं नाही, आईने दोघींना साड्या घेतल्या. मला त्या जमिनीची गरज नव्हती, हे मी स्वतःला सांगितलं आणि सही करताना ताईच्या तोंडाकडे बघितलं नाही.

बघायला हवं होतं. आमच्या तिघांत बाग कळायची ती ताईला. ऑक्टोबर छाटणीला कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे हे अण्णा तिला विचारत. विरळणीला आलेल्या बायकांना ती शिकवायची, पानावर केवडा येण्याआधी तिला हवेवरून कळायचं. पुढे इचलकरंजीत भावजींचे माग बंद पडले, तेव्हा ती कुणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायला लागली. दादा सांगलीत नोकरीला आहे. बाग त्याने खंडाने दिली आहे. जिला पिकवता येत होतं तिला साडी मिळाली.

मागच्या हिवाळ्यात मी फोनवर ताईला त्या पुस्तकांपैकी एक सांगितलं, रोज थोडं थोडं, ती संध्याकाळी स्वयंपाक करताना. धाकट्या बहिणीचं आणि जनावरांच्या डॉक्टरचं जमतं तिथवर आलो. ती म्हणाली, "आणि मग तो तिच्याकडेच राहायला येतो? तिच्या शेतावर?" मी हो म्हटलं. बराच वेळ फक्त कुकरचा आवाज ऐकू येत होता. मग तिने विचारलं, यंदा आपल्या बागेत छाटणी कधी घेतलीय, दादा काही बोलला का.

सोडलेला हक्क आपोआप परत येत नाही. पण दादाला वाटलं तर तो बक्षीसपत्राने ताईच्या नावाने जमीन करून देऊ शकतो. मी त्याला तसं लिहिलंय: विहिरीजवळचा एक एकर, आणि बाग कसायचा पहिला अधिकार तिचा. माझ्यासाठी काही नको. त्याचं उत्तर आलंय, "दिवाळीत ये, बसून बोलू." मी तिकीट काढलंय. ताईला अजून काही सांगितलेलं नाही.