दोन फुटांवरची चाचणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, झाडावर चढताना दोर पकडून आपल्याला जागीच धरणारं आणि हवं तेव्हा सोडणारं यंत्र असतं. वर जाण्याआधी त्याची घर्षणाची सेटिंग जमिनीपासून दोन फुटांवर लटकून तपासा, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही रोखठोक प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप तीन. प्रमाणित यंत्राची सेटिंग बदलत बसू नये. जमिनीपासून दोन फुटांवर लटकून केलेली चाचणी म्हणजे पोरखेळ, खरी परीक्षा चाळीस फुटांवर. आणि आमचे पोट्टे यंत्राऐवजी दोर पकडणाऱ्या साध्या गाठीवर वर्षानुवर्षं चढले, त्यांचं काय बिघडलं?

मधला आक्षेप आधी घेतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे.

एकेरी दोरावर, म्हणजे वर पक्क्या केलेल्या, न सरकणाऱ्या एकाच दोरावर चढताना यंत्राच्या खाली दोराचं शेपूट लोंबत असतं. बारा मिलिमीटरच्या आसपासचा दोर मीटरला साधारण १०० ग्रॅम भरतो. म्हणजे १५ मीटरवर असाल तर दीड किलो वजन यंत्राखालचा दोर ताणून धरतं. दीड किलो किरकोळ वाटतं, पण यंत्रातून दोर वळणं घेत जातो आणि प्रत्येक वळणावरचं घर्षण शेपटातला हा ताण कित्येक पटींनी वाढवतं. म्हणून यंत्र उंचावर घट्ट वागतं, उतरताना अडतं. मग माणूस वैतागून तिथेच घर्षण एका खाचेनं कमी करतो. उतरणं सुरेख होतं. पण जमीन जवळ येते तसं शेपूट खाली टेकतं, ताण जातो आणि शेवटच्या काही फुटांत यंत्र सरकायला लागतं. हेच उंचावरही घडतं. खालच्या एखाद्या बेचक्यात दोराचं वेटोळं अडकून बसलं की शेपटाचा ताण संपला.

म्हणजे शेपूट जमिनीवर सैल पडलेलं असताना यंत्रानं धरणं, हीच त्याची सगळ्यात कठीण परीक्षा आहे, आणि ती दोन फुटांवरच घेता येते. चाळीस फुटांवर लावलेली सेटिंग खाली दगा देऊ शकते. खाली सैल शेपटावर पक्की धरणारी सेटिंग वर गेल्यावर फार तर जड चालते. जड चाललेलं परवडतं.

म्हणून मी सांगतो तो क्रम असा. आधी फांदीवर दोघांचं वजन टाकून आधार पक्का करा. शेपूट जमिनीवर सैल सोडा, हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्यांत बसा, पाय उचला, दोन्ही हात सोडा. यंत्रानं त्याच क्षणी धरलं पाहिजे. मुंगीच्या पावलानं सरकलं तरी मी ते नापास धरतो. मग हलके हिसके द्या. मग करवत आणि बाकी सगळं सामान कमरेला लावून पुन्हा तेच. त्यानंतर एक काडी किंवा जाकिटाची बाही यंत्राच्या वरच्या टोकाशी दाबून बघा. बऱ्याच यंत्रांत वरून दाब आला की पकड सुटते, आणि दाट कडुनिंबात असा दाब द्यायला डहाळ्या टपलेल्याच असतात. हे सगळं जमलं की डोक्याइतक्या उंचीवर जा, पण यंत्राखाली दोराला गाठ मारूनच.

एक गोष्ट खाली तपासता येत नाही, ती म्हणजे लांब उतरणीत यंत्र तापणं. त्यावर सेटिंगचा उपाय नाही, सावकाश उतरणं हाच उपाय.

आता प्रमाणपत्र. ते यंत्राचं असतं, ठरलेल्या मापाच्या आणि ठरलेल्या जातीच्या दोरासाठी असतं. तुमचा दोर नवा गुळगुळीत आहे की वापरून केसाळ झालाय, त्यावर कडुनिंबाचा डिंक आहे का, हे त्याला माहीत नसतं. नागपुरात तर एकाच महिन्यात सगळं उलटंपालटं होतं. जूनच्या सुरुवातीला पंचेचाळीस अंशांच्या धुळीत दोर खडखडीत कोरडा असतो, आणि पहिल्या वादळात धरमपेठेत, सिव्हिल लाइन्समध्ये गुलमोहराच्या फांद्या मोडल्या की त्याच दोरावर ओल्यात चढायची वेळ येते. नायलॉन पाणी पितं, फुगतं, यंत्रातून वेगळंच चालतं. सकाळची सेटिंग दुपारच्या सरीनंतर पुन्हा तपासायची ती यासाठी. शिवाय प्रमाणित यंत्रसुद्धा बिघडतं. २०१३ मध्ये पेटझल कंपनीला आपलं झिगझॅग नावाचं असंच यंत्र बाजारातून परत मागवावं लागलं होतं.

तुमच्या आक्षेपाचा अर्धा भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. कानस मारणं, भलताच बोल्ट घालणं, स्प्रिंग वाकवणं, यातलं काहीही कुणी करू नये. मी म्हणतो ती सेटिंग बनवणाऱ्यानंच दिलेली. अकिंबो नावाच्या यंत्रात वर आणि खाली अशा दोन ठिकाणी घर्षण कमी-जास्त करायची सोय मुद्दाम ठेवली आहे, कारण सगळ्यांचं वजन आणि सगळ्यांचे दोर सारखे नसतात. दुहेरी दोरावर, म्हणजे दोर फांदीवरून फिरून परत आपल्याकडे येतो तेव्हा, यंत्राकडे साधारण निम्मंच वजन येतं, म्हणून तिथली सेटिंग एकेरीवर तशीच नेऊ नका.

राहिले आपले पोट्टे. त्यांच्या गाठीबद्दल मला आदर आहे. ब्लेकची गाठ, म्हणजे चढणाऱ्यांची ती दोर पकडणारी गाठ, आजही उत्तम आहे आणि फुकट आहे. पण तीही माणूस बांधतो, बसून बघतो, सैल वाटली तर सोडून पुन्हा बांधतो, आणि हे सगळं जमिनीजवळच करतो. तेवढंच मी यंत्राबद्दल मागतोय. करवत चालवताना मात्र गाठ असो की यंत्र, दुसरा आखूड दोर खोडाला हवाच. आणि यंत्र वापरणाऱ्यानं गाठीची दोरी हार्नेसला कायम बांधून ठेवावी, म्हणजे वर असताना यंत्र रुसलं तर त्याच दोरावर गाठ मारून वजन तिच्यावर घेता येतं.