पन्नाशीच्या ताटाची नोंद

१९७२ म्हटलं की आमच्या बार्शीकडच्या माणसाला दुष्काळच आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो. त्या काळात जी पोरं पोटात होती किंवा रांगत होती, ती आज पन्नाशीत आहेत. मी त्यांच्यातलीच एक. गेली बरीच वर्षं मी योएन्सूला राहते. फिनलंडच्या पूर्व सीमेजवळच्या उत्तर कारेलिया प्रांताचं हे मुख्य शहर. इथल्या लोकांनाही १९७२ हे साल चांगलं लक्षात आहे, आणि त्याचाही संबंध ताटाशीच आहे.

त्या काळात या भागातले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हृदयविकाराने पटापट मरत होते. इतके, की जगभरातल्या नोंदींत हा प्रांत अगदी वरच्या क्रमांकावर होता. माणसं बसून खाणारी नव्हती. लाकूडतोडे होते, गाईगुरं सांभाळणारे छोटे शेतकरी होते, हिवाळ्यात कमरेएवढ्या बर्फात राबणारे होते. पण ताटात लोणी, सायीसकट दूध, खारवलेलं डुकराचं मांस आणि बटाटे. भाजी म्हणजे गुरांचा चारा, असं उघडपणे म्हटलं जायचं. १९७१ मध्ये प्रांतातल्या लोकांनीच सरकारकडे लेखी मागणी केली की आमच्यासाठी काहीतरी करा. पुढच्या वर्षी प्रकल्प सुरू झाला आणि पेक्का पुस्का नावाच्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे त्याची सूत्रं आली. पुढच्या चार दशकांत इथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चार-पंचमांशाहून जास्त कमी झाले.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे घरच्या लोकांशी फोनवर होणारी बोलणी. माझ्या वयाच्या मराठी माणसाला जेवणाबद्दल बोलायला फार आवडतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात तसं दिवसातून दोनदाच जेवायचं, की ऋजुता दिवेकर म्हणतात तसं थोड्या थोड्या वेळाने खायचं, यावर आमच्या नात्यातली माणसं जेवताना भांडलेली आहेत. त्याशिवाय ज्वारी-नाचणीचा अभिमान आहे, साजूक तूप चांगलं की वाईट हा वाद आहे, शाळेत मुलांना अंडं द्यायचं की नाही हा वाद आहे. अंड्यांसाठीचा वेगळा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. या वादांना मी कमी लेखत नाही. जेवणाचा विचार करणारा समाज चांगलाच. पण हे सगळं ऐकताना मला एक मोठी उणीव जाणवते. पंचेचाळीस ते साठ वयाची मराठी बाई किंवा पुरुष काल सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय आणि किती खाऊन झोपला, याची नियमित नोंद आपल्याकडे कुणी ठेवत नाही. नोंदच नसेल तर वाद कशाच्या आधारावर घालायचा?

आकडे आहेत, नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या खेड्यात दरडोई रोज सुमारे २,२१२ उष्मांक आणि शहरात २,२४० उष्मांक पोटात जात होते. प्रथिनं खेड्यात जवळपास ६२ ग्रॅम, शहरात ६३. म्हणजे कागदावर खेडं आणि शहर जवळजवळ सारखंच जेवतं. पण हा आकडा अख्ख्या घराचा आहे, माणसांच्या संख्येने भागलेला. घरात आलेल्या डाळीतली कुणाच्या वाटीत किती गेली, हे त्यात दिसत नाही. आमच्या गावात पहाटे धार काढली की दूध डेअरीवर जातं. घरात उरतं ते चहापुरतं. मुलांना, म्हाताऱ्यांना, मग पुरुषांना वाढून झाल्यावर वहिनी बसते तेव्हा पातेल्याच्या तळाशी जे असेल ते तिचं. सरासरीत तिच्या नावावर बासष्ट ग्रॅम प्रथिनं जमा आहेत. तिच्या पोटात ती गेलेली नाहीत.

दुसरी मोठी पाहणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्याची. तिच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. हा आकडा भाषणांत सतत येतो, आणि यायलाच हवा. पण तो १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आहे. पन्नासावं लागलं की बाई त्या हिशेबातून बाहेर. मूल होण्याचं वय संपलं की तिच्या रक्ताची मोजणीही संपते, याचा मला मनापासून राग येतो.

पूर्वी आपल्याकडे मोजणारी एक यंत्रणा होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हाताखाली राष्ट्रीय पोषण निरीक्षण कार्यालय सुरू झालं तेही १९७२ मध्येच, म्हणजे इथल्या प्रकल्पाच्याच वर्षी. महाराष्ट्रासह दहा राज्यांतल्या खेड्यांत जाऊन माणसं घरातलं पीठ, डाळ, तेल तोलून पाहायची, काल काय खाल्लं ते विचारायची. कितीतरी वर्षं हे काम चाललं आणि गेल्या दशकात ते गुंडाळलं गेलं. फिनलंडमध्ये मात्र १९८२ पासून साधारण दर पाच वर्षांनी प्रौढ माणसांना गाठून विचारलं गेलं आहे. समोर छायाचित्रांचं पुस्तक ठेवतात. तुमची सुपाची वाटी यातली कुठली, पावावर लोणी एवढं जाड की तेवढं, असं विचारत चोवीस तासांचं खाणं उतरवून घेतात. रक्त, वजन, रक्तदाब तपासणारी आरोग्य पाहणी जोडीला असतेच. त्यामुळे इथे जेवणावर वाद होतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातात एकच कागद असतो.

नोंद घेतली की कसे धक्के बसतात याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण ६७ टक्के पुरुषांत बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ टक्के. खाऊनपिऊन सुखी समजले जाणारे, घरी फ्रीज आणि दाराशी वाणी असलेले पुरुष सगळ्यात जास्त उणे निघाले. शाकाहार हे त्यातलं एक मोठं कारण होतं, पण एकटं तेवढंच नव्हतं. शहरातल्या मध्यमवर्गीय राहणीचा वेगळा वाटाही हिशेबात दिसला.

खेड्याबद्दलचा आपला समजही असाच तपासून घ्यावा लागेल. माझा थोरला भाऊ शेतात राबतो, अंगावर मांस नाही, आणि दोन वर्षांपूर्वी त्याची शुगर वाढलेली निघाली. ‘एवढं कष्ट करणाऱ्याला कसं काय?’ हा प्रश्न गावात सगळ्यांनी विचारला. इथल्या लाकूडतोड्यांच्या बायकांनीही पन्नास वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत मधुमेह शहरात १६.४ टक्के आणि खेड्यात ८.९ टक्के सापडला. त्यावर खेडं खुशाल वाटेल. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं खेड्यात १५.२ टक्के, शहरात १५.४. फरक उरलेलाच नाही. त्याच पाहणीचा आहाराचा भाग २०२५ मध्ये आला. आपल्या ताटातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. त्यातली एक गोष्ट आम्हा ज्वारीवाल्यांनी नीट ऐकायला हवी. भाताच्या किंवा गव्हाच्या जागी नुसती भरड धान्यं आणली आणि एकूण पिष्टाचा ढीग तेवढाच ठेवला, तर धोका कमी होत नाही. त्यातला थोडा भाग काढून डाळी, कडधान्यं, दूध-दही आणलं तर होतो. मला भाकरी जीव की प्राण आहे. पण तीन भाकऱ्या आणि चिमूटभर चटणी हे पन्नाशीतल्या बाईचं जेवण चांगलं नाही, मग ती भाकरी कितीही घरच्या ज्वारीची असो. दोन भाकऱ्या आणि हुलग्याचं दाट माडगं किंवा वाटीभर मटकीची उसळ, हे तिचं जेवण.

आता तेलाबद्दल. हा विषय मला सगळ्यात जास्त खुपतो. उत्तर कारेलियात लोण्याला पर्याय हवा होता तेव्हा फिनलंडमध्ये थंडीत तग धरणारं मोहरीच्या जातीचं तेलबी वाढवलं गेलं. रिप्सी म्हणतात त्याला. देशातलं तेल देशातल्या स्वयंपाकघरात आलं. दुग्धव्यवसायावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, त्यांच्यासाठी रानफळांच्या लागवडीचा वेगळा प्रकल्प काढला. आणि आपण? सोलापूर-मराठवाडा हा करडईचा पट्टा. माझ्या लहानपणी घाण्यावरून करडईचं तेल यायचं. त्यात संपृक्त स्निग्धांश, म्हणजे लोण्यात असते तशी हृदयाला जड जाणारी चरबी, अगदी कमी. आज गावातल्या दुकानात, हॉटेलात, वड्याच्या कढईत परदेशातून आलेलं पामतेल आहे, ज्यात संपृक्त स्निग्धांश जवळजवळ निम्मे. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. गरिबाच्या घरी सण व्हावा ही भावना चांगलीच होती. पण त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होतं. लोण्यातून निघून ते लोक आपल्याच शेतातल्या तेलाकडे आले, आणि आपण आपल्या शेतातल्या तेलापासून दूर गेलो. करडईला भाव मिळाला नाही, काटेरी पीक काढायला मजूर मिळाले नाहीत, ही कारणं खरी आहेत. त्यावर उपाय शोधणं हे शेती खात्याचं काम आहेच, पण ते आरोग्य खात्याचंही आहे.

फिनलंडकडून शिकायचं ते हेच की माणसाला उपदेश करण्याआधी त्यांनी दुकानातली फळी बदलली. मार्था नावाची गृहिणींची जुनी संघटना गावोगावी जाऊन रस्सा कमी चरबीत कसा करायचा ते दाखवायची, तेही महत्त्वाचंच. पण १९९३ पासून काही पदार्थांच्या पाकिटावर मिठाचं प्रमाण छापणं सक्तीचं झालं, आणि मर्यादेबाहेर मीठ असेल तर तसं स्पष्ट लिहिणंही. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूला इशारा छापावा की नाही याची चर्चा वर्षानुवर्षं चालूच आहे. अंधाऱ्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्व मिळत नाही म्हणून २००३ पासून इथल्या दुधात ते मिसळलं जाऊ लागलं, २०१० मध्ये प्रमाण दुप्पट केलं. २००० आणि २०११ च्या पाहण्यांची तुलना केली तर लोकांच्या रक्तातली सरासरी पातळी लिटरमागे ४८ नॅनोमोलवरून ६५ वर गेलेली दिसते. यात गोळ्यांचाही वाटा आहे, पण गोळी न घेता नुसतं दूध पिणाऱ्यांची पातळीही वाढली, आणि त्यांना आहारतज्ज्ञाची फी भरावी लागली नाही. गावातल्या म्हाताऱ्याने आणि हेलसिंकीतल्या वकिलाने नेहमीचं दूध प्यायलं, एवढंच.

हा देश आदर्श आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१७ च्या पाहणीत पाचांतले जवळपास चार पुरुष शिफारशीपेक्षा जास्त लाल मांस खात होते, आणि पुरेशी भाजी-फळं खाणारे पुरुष १४ टक्केच, बायका २२ टक्के. हृदयविकार पूर्वेकडच्या भागात आजही पश्चिमेपेक्षा जास्त आहे. शिवाय छप्पन्न लाखांच्या देशात मोजक्या दूध कंपन्यांशी बोलून काम होतं. महाराष्ट्रात बारा-तेरा कोटी माणसं, शेकडो दूध संघ आणि सुट्या दुधाचा रतीब. बहीण पुण्यातून मला हेच सुनावते, ‘ताई, तुमचं तिकडचं इकडे चालत नाही.’ सगळं चालणार नाही, हे मलाही कळतं. दूध ज्या घरात चहापुरतंच उरतं तिथे दुधात ड किंवा बी१२ घालून बाईला काय मिळणार? तिच्यासाठी रेशनवर डाळ आणि चांगलं तेल हवं. पुण्यातल्या बहिणीसाठी मात्र पिशवीतल्या दुधाचा मार्ग चालेल. खेड्याला आणि शहराला एकच औषध लागू पडणार नाही, आणि कुणाला कुठलं लागेल हे मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून मोजणी आधी.

ती करायला नवीन खातं उघडायची गरज नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई घरोघर जाऊन एक अर्ज भरतात. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह-रक्तदाब आहे का, आजारांची लक्षणं, असं बरंच त्यात असतं. ताटाबद्दल एकही प्रश्न नाही. काल डाळ किंवा उसळ खाल्ली का, दूध-दही किंवा अंडं-मासे मिळाले का, पालेभाजी होती का, तेल कुठलं, आणि जेवायला सगळ्यांत शेवटी कोण बसलं, असे पाच-सहा प्रश्न त्याच कागदावर बसतील. दर पाच वर्षांनी प्रत्येक जिल्ह्यातल्या थोड्या घरांत सविस्तर तोलमोज आणि रक्ततपासणी करायला परभणी, राहुरी, अकोला, दापोलीची कृषी विद्यापीठं आहेत, गृहविज्ञानाची महाविद्यालयं आहेत. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून या वाढीव प्रश्नांचे त्यांना वेगळे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते वेळेवर मिळाले पाहिजेत. आणि वयाची वरची मर्यादा एकोणपन्नासवर थांबता कामा नये. माझी वहिनी यंदा चोपन्न वर्षांची झाली.