नटून निघू नका, पोचून नटा

बाइकने ऑफिसला जाणाऱ्यांना मिळणारे सल्ले ठरलेले असतात. केस बसतात ना, मग हेल्मेट जरा सैल घ्या. शर्ट चुरगळतो ना, मग जॅकेट घालू नका. हे दोन्ही सल्ले घातक आहेत, आणि गंमत म्हणजे उपयोगाचेही नाहीत. सैल हेल्मेट डोक्यावर सरकत राहतं, त्यामुळे केस उलट जास्त विसकटतात. जॅकेट काढलं की तोच शर्ट रस्त्यावरची धूळ आणि काजळी थेट अंगावर घेतो.

माझं म्हणणं एवढंच, की घरूनच ऑफिसच्या थाटात निघायचा हट्ट सोडा. निघताना फक्त बाइकस्वार असा. पोचल्यावरची पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि कपडे, केस, बूट, सगळी तयारी त्या पंधरा मिनिटांसाठी करा.

यामागचं कारण समजलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. केसांतलं केराटिन आणि सुती कापडातलं सेल्युलोज या दोन्हींचा आकार बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांनी टिकतो. ओलाव्याने आणि उष्णतेने हे बंध सुटतात, आणि वाळताना केस किंवा कापड ज्या अवस्थेत दाबलेलं असेल त्याच अवस्थेत ते पुन्हा जुळतात. इस्त्री यावरच चालते. हेल्मेटच्या आत आणि पाठीवरच्या सॅकखाली ओलावा, ऊब आणि दाब हे तिन्ही असतात, म्हणजे तीही इस्त्रीच, फक्त आपल्याला नको असलेली.

म्हणून केसांचा पहिला नियम: ओल्या केसांवर हेल्मेट नाही. अंघोळ करून लगेच निघणार असाल तर डोकं आदल्या रात्री धुवा किंवा केस मुळापर्यंत कोरडे करून निघा. वरून कोरडे आणि मुळाशी दमट असतील तर फसवणूक होते, कारण आकार मुळाशीच ठरतो. जेल, वॅक्स वगैरे घरी लावू नका. ते घामाने आणि उबेने सैल होतं, अर्धं लायनरला, म्हणजे हेल्मेटच्या आतल्या अस्तराला लागतं आणि उरलेलं हेल्मेटच्या आकारात वाळतं. हेल्मेट घालण्याआधी केस सरळ मागे घ्या, कपाळावर बट राहू देऊ नका. आत पातळ, शक्यतो शिवण नसलेली, घाम शोषून पसरवणारी टोपी घाला. जाड शिवण असली तर कपाळावर रेघ उमटते आणि ती बराच वेळ जात नाही. एक लक्षात ठेवा, टोपीमुळे हेल्मेटचं माप बदलतं. त्यामुळे नवं हेल्मेट घ्यायला जाताना टोपी घालूनच माप बघा. लांब केस असतील तर मानेशी सैल वेणी किंवा खाली बांधलेली पोनी. डोक्यावर अंबाडा नको, त्याने हेल्मेट वर उचललं जातं आणि नीट बसतच नाही.

पोचल्यावर कोरडा कंगवा फिरवून काही होत नाही, कारण बंध बसलेले असतात. बोटं ओली करून केसांच्या मुळाशी फिरवा, केस उलट्या दिशेने चोळा, टॉवेलने टिपा आणि मग हवा तसा भांग पाडा. जेल लावायचंच तर आता. नेहमीच्या न्हाव्याला बाजूचे केस बारीक ठेवायला सांगा. हेल्मेटच्या खालच्या कडेशी बाहेर फुगणारे केस हेच सगळ्यात जास्त नजरेत भरतात.

आता घाम. बहुतेक लोक इथे चुकतात ते क्रमात. बाइक चालू असते तोवर वाऱ्याने घाम वाळत असतो. सिग्नलला किंवा पार्किंगमध्ये थांबलात की वारा बंद होतो, इंजिनची धग लागते आणि जॅकेटच्या आत घाम साचतो. शरीर तापलेलं असल्याने उतरल्यानंतरही काही मिनिटं घाम येतच राहतो. त्या वेळी स्वच्छ शर्ट चढवलात की पाच मिनिटांत तो पाठीला चिकटलाच. म्हणून शर्ट सगळ्यात शेवटी. आधी हेल्मेट, जॅकेट, हातमोजे काढा. तोंड, मान आणि मनगटं गार पाण्याने धुवा. मग केस, मग बूट. एव्हाना सातआठ मिनिटं गेलेली असतात. ओल्या रुमालाने काखा आणि पाठ पुसून कोरडी करा, आणि मगच शर्ट.

बाइकवर आत घालायचा टी-शर्ट सुती नको. सूत घाम धरून ठेवतं आणि अंगाला चिकटतं. खेळाडू घालतात तसा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट घाम पसरवतो, त्यामुळे तो लवकर वाळतो. त्याला वास मात्र पटकन लागतो, तेव्हा तो रोज धुवायलाच हवा.

ताज्या घामाला तसा फारसा वास नसतो, त्वचेवरचे जीवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा वास सुटतो. डिओडरंट वास झाकतं किंवा जीवाणूंना आवर घालतं. घाम कमी करायचं काम अँटिपर्स्पिरंटचं, म्हणजे ज्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात त्याचं. ते घामेजल्या काखेत सकाळी घाईघाईने फासण्यात अर्थ नाही. रात्री झोपताना कोरड्या त्वचेवर लावा, ते घामाच्या छिद्रांत नीट बसतं. पांढऱ्या शर्टाच्या काखेत जे पिवळे डाग पडतात त्यात याच क्षारांचा हात असतो, त्यामुळे लावल्यावर वाळू द्या.

पाठीवरची सॅक ही माझ्या मते सगळ्यात वाईट सवय. पाठ भिजते, खांद्यांवर चुण्या पडतात, जॅकेटच्या हवेच्या जाळ्या बंद होतात. वजन बाइकवर टाका: मागच्या सीटवरची टेलबॅग, बाजूंना लटकणारी सॅडलबॅग, मागे बसवलेली टॉपबॉक्स पेटी, जे जमेल ते.

त्यात कपडे नेताना इस्त्री केलेला शर्ट पूर्ण गार झाल्यावरच घडी करा. गरम शर्टाची घडी म्हणजे पक्की चुणी. वरचं बटण लावा, मग एक सोडून एक लावा, पाठीला ए-४ आकाराचा ताठ प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा ठेवून त्याभोवती घडी घाला. पट्टा गुंडाळून कॉलरच्या आत ठेवला की कॉलर चेपत नाही. पँट इस्त्रीच्या रेघेवर जुळवून सैल गुंडाळा, घडी घालू नका. कोट न्यायचाच असेल तर एक खांदा उलटा करा, दुसरा खांदा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर येतं, आणि मग मधोमध एकच घडी. बॅग भरलेली पण दाबलेली नसावी. अर्धी रिकामी बॅगही वाईट, कारण धक्क्यांनी कपडे घसरून तळाशी गोळा होतात. बूट वेगळ्या कापडी पिशवीत, आणि दोन्ही एकमेकांवर घासतील असे ठेवू नका.

चांगली पँट घालून बाइक चालवूच नये असं मी म्हणेन. सीटवर आणि टाकीला घासून मांडीच्या आतली बाजू आधी चकाकते, मग विरते. लोकरीच्या पँटवर ती चकाकी लवकर दिसते आणि परत जात नाही. घालायचीच असेल तर वरून पूर्ण लांबीच्या साइड झिपची रायडिंग पँट घाला, म्हणजे बूट न काढता उतरवता येते. शर्ट जॅकेटखाली घालून जाणार असाल तर मानेभोवती नळीसारखा मऊ कपडा घ्या. कॉलरवरची काळी रेघ जॅकेटच्या गळ्यामुळे आणि हेल्मेटच्या पट्ट्यामुळे येते.

डाव्या बुटाच्या चवड्यावरचा काळा पट्टा गिअरच्या दांडीचा. टाच-चवड्याची दुहेरी दांडी असेल तर वरचे गिअर टाचेने टाका. एकेरी असेल तर बुटावर बसणारं रबरी संरक्षक घ्या, नाहीतर ऑफिसचे बूट ऑफिसातच ठेवा. तळ गुळगुळीत असलेले चामडी बूट ओल्या फूटरेस्टवर आणि सांडलेल्या तेलावर घसरतात, तो धोका वेगळाच.

पँटच्या पोटरीवर बारीक काळे ठिपके दिसले तर ते चेनल्यूबचे, म्हणजे चेनला लावायच्या वंगणाचे. चेन उघडी असेल तर वंगण सकाळी निघताना कधीही लावू नका. संध्याकाळी घरी आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा आतल्या बाजूने लावा, जास्तीचं फडक्याने पुसा आणि रात्रभर राहू द्या. त्यातलं द्रावक उडून जातं आणि वंगण चिकटून बसतं. पाठीच्या मधोमध चिखलाची उभी रेघ येत असेल तर मागचं मडगार्ड अपुरं आहे. नुसत्या लूकसाठी ते कापणाऱ्यांनी पावसात फिक्या रंगाचा शर्ट घालून बघावा. पुढच्या मडगार्डला खाली रबरी पट्टी लावली की बुटांवर उडणारं पाणीही बरंच कमी होतं.

पावसात पाणी आधी शिरतं ते मांड्यांच्या मधे, कारण सीटच्या खोलगट भागात ते साचतं आणि नेमकी तिथेच शिवण येते. रेनसूट घेताना ती शिवण आतून टेपने बंद केली आहे का ते बघा. हातमोजे बाहीच्या आत जाऊ द्या, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी मोज्यात उतरतं. बुटावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय रेनपँटमधून सटकन जातो. भिजलेल्या चामडी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, आणि हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं.

चेहऱ्याचं थोडक्यात: व्हायझर बंद ठेवा, पोचल्यावर चेहरा आधी पाण्याने धुवा, मग पुसा. कोरड्या रुमालाने काजळी तेलकट त्वचेवर पसरते, निघत नाही. मेकअप पोचल्यावर, कारण फाउंडेशन सगळं चीकपॅडला, म्हणजे हेल्मेटमधल्या गालांजवळच्या गाद्यांना लागतं. रंग सोडणारे चामडी हातमोजे असतील तर हस्तांदोलनाआधी तळवे बघून घ्या.

आणि हेल्मेट. त्यालाच वास येत असेल तर वरची सगळी मेहनत वाया. लायनर आणि चीकपॅड निघत असतील तर घामाच्या दिवसांत दोनतीन आठवड्यांनी काढून कोमट पाण्यात सौम्य शाम्पूने हाताने दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. आतल्या थर्मोकोलसारख्या थराला पेट्रोल, थिनर लागू देऊ नका, तो विरघळतो. ऑफिसात हेल्मेट ड्रॉवरमध्ये कोंबू नका, तोंड वर करून उघड्यावर ठेवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळतं. एचआरकडे मागायचंच असेल तर बाइकवाल्यांसाठी एक लॉकर, दोन मजबूत खुंट्या आणि ओला रेनसूट टांगायला निथळती जागा मागा. ऑफिसातच एक जोड बूट, पट्टा आणि जास्तीचा एक शर्ट राहिला की रोजची बॅग निम्मी होते.