बॅटरी मारून मरण ठरत नाही

पावसाळा लागला की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘हॉस्पिटलवाले गेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल फुगवतात. डोळ्यांत बॅटरी मारा, बाहुली आकसली नाही तर माणूस संपला. खऱ्या डॉक्टरला हे पाच मिनिटांत कळतं. “आत्ताच सांगता येत नाही” म्हणणारा लुटारू. नको ते प्रश्न विचारून वेळ काढतात आणि सही घेऊन हात झटकतात.’ मी कॅज्युअल्टीत काम करतो, तेव्हा माझा स्वार्थ यात आहे हे धरूनच पुढचं वाचा.

आधी बॅटरी. मण्यार चावलेला माणूस पाहिलाय कधी? बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहू शकतात, हातपाय लुळे, श्वास बंद, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. मेसेजच्या हिशेबाने हा संपला. पण या विषाने मेंदू मरत नाही. नस स्नायूला जिथे मिळते तिथलं टोक निकामी होतं, म्हणून हुकूम पोचत नाही. माणूस आत जागा असू शकतो, त्याला ऐकूही येत असू शकतं. खाटेशी उभं राहून जमिनीच्या वाटणीचं बोलू नका, असं आमच्या सिस्टर दटावतात ते उगाच नाही. एकदा बिघडलेलं टोक प्रतिविषाने लगेच सुधारत नाही, ते नव्याने सांधायला दिवस जातात. तेवढे दिवस त्याच्या वतीने श्वास घेणं, इतकंच व्हेंटिलेटरचं काम. अशी माणसं पुढे चालत घरी जातात.

मेंदूमृत्यू ठरवायची पद्धत आहेच. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्याखाली ४ डॉक्टरांचं मंडळ लागतं, चाचण्या किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि त्याआधी विष, झोपेची औषधं किंवा गारठलेलं शरीर यांनी हा आभास केलेला नाही ना, हे पाहावं लागतं. पाच मिनिटांत उरकणारं ते काम नाही.

आता ‘नको ते प्रश्न’. पहाटे पोटात दुखतंय, उलट्या होतायत म्हणून एक मजूर आला. (तपशील मुद्दाम बदललेत. तालुक्यात कोण कधी आजारी पडलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याला विचारून मी हे लिहीत नाहीये.) रात्रीचं जेवण बाधलं असं तो म्हणाला, बायकोनेही उसळ शिळी होती असं सांगितलं. गोष्ट इतकी चपखल जुळली की ॲसिडिटीचं इंजेक्शन भरून तयार होतं. अशा जुळलेल्या गोष्टीवरच आमचा पाय घसरतो. मग कुणीतरी विचारलं, “रात्री झोपला होतास कुठे?” पडवीत, खाली. मण्यार रात्री फिरते, झोपेतच चावते, दात बारीक, खूण बहुधा सापडत नाही. पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या; आम्ही ते जागरण समजलो होतो, पण विषाने लुळेपणा सुरू झाला की त्या अशाच पडतात.

काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून पाहिलं, ते नीट गोठलं. त्याने काही सिद्ध होत नाही. ती परीक्षा घोणस-फुरशासाठी, ज्यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; मण्यारीत ती नॉर्मलच येते. साप कुणी पाहिलेला नाही, डंखाची खूण नाही, आणि घोड्याच्या रक्तापासून केलेल्या प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर तीच जीवघेणी ठरू शकते. अशा वेळी नातेवाइकांना “नक्की काय ते सांगता येत नाही, पण देतोय” म्हणालो तर मी लुटारू? पापण्यांवर भरवसा ठेवून आम्ही ते दिलं. तो वाचला म्हणून ही गोष्ट सांगतोय, हेही कबूल करतो. चुकलेल्या गोष्टी आम्ही इतक्या हौसेने सांगत नाही.

छातीत दुखण्याचंही तेच. पहिला ईसीजी साफ असूनही हार्ट अटॅक असू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढायला काही तास लागतात, म्हणून थांबवून दुसऱ्यांदा तपासतात.

सहीबद्दल फार लिहीत नाही. सही घेतल्याने हलगर्जीपणा माफ होत नाही. आणि तातडीच्या रुग्णाला कागदपत्रांसाठी खोळंबून ठेवू नये, आधी जीव वाचवावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरला ते लागू आहे.

मेसेजमागचा राग मात्र खोटा नाही. आशा संपल्यावरही यंत्र चालू ठेवलेली उदाहरणं आहेत, बिलं घर विकायला लावतात, आणि “सांगता येत नाही” एवढंच तोंडातल्या तोंडात बोलून निघून जाणारे डॉक्टर मी रोज पाहतो. दमलेला असलो की मीही त्यातलाच. अशा वेळी बॅटरी खिशातच राहू द्या आणि त्याला अडवून विचारा: तुम्हाला शंका कशाची आहे? आपण कशाची वाट बघतोय? पुढचं कधी ठरवणार, आणि तेव्हा काय दिसलं तर थांबणार?